‘फेटल’चं आजोळ

‘फेटली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण देवनागरीत लिहिलं की कुणीतरी अंडी फेटली असं वाटतं. अर्थ मात्र जीवघेणा: प्राण जातील अशा रीतीने, किंवा पुरता घात होईल असा. तरी त्याच्या मुळाशी मरण नाही, बोलणं आहे.

लॅटिनमध्ये ‘फारी’ म्हणजे बोलणं. त्यावरून ‘फातुम’, म्हणजे बोललं गेलेलं. देवाच्या तोंडून एकदा निघालं की न बदलणारं, म्हणजेच नशीब; ‘फेटल’ आणि ‘फेटली’ त्यातूनच आले. आपल्याकडे नशीब लिहिलं जातं. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, म्हणून पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रोमनांचं नशीब उच्चारलं जायचं. या ‘फारी’चा गोतावळा मोठा आहे. अजून बोलता न येणारा तो ‘इन्फन्ट’, लोकांच्या तोंडी झाली ती ‘फेम’, सांगितली ती ‘फेबल’. नियतीच्या देवता फ्रेंचमार्गे इंग्रजीत येईपर्यंत ‘फेअरी’ झाल्या; म्हणजे गोष्टीतली परी आणि ‘फेटल’ अपघात एकाच कुळातले! भाषाशास्त्रज्ञ हे कुळ आणखी मागे नेतात, तेव्हा संस्कृतातला ‘भण्’ धातू भेटतो. लॅटिनचा ‘फ’ तो आपला ‘भ’. ‘भणति’ प्राकृतातून झिजत मराठीत ‘म्हणे’ झालं. ‘तुका म्हणे’मधलं ‘म्हणे’ आणि इस्पितळाच्या कागदावरचं ‘फेटल’ यांचं आजोळ एक आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कवी चॉसरने ‘फेटल’ वापरला तो आयुष्याचा धागा कातणाऱ्या बहिणींसाठी. मरणाचा अर्थ लॅटिनमध्येही होताच; इंग्रजीत तो हळूहळू वरचढ झाला. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755च्या कोशात ‘फेटली’चे दोन्ही अर्थ आहेत, प्राणघाताचा आणि विधिलिखिताचा. आज दुसरा जवळजवळ विसरला गेला आहे.

पण त्याची एक खूण राहिली, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. ‘फेटली’ जखम किती खोल हे सांगत नाही, निकाल सांगते. विष बाटलीत पडून असलं तरी ‘लीथल’च, म्हणजे जीव घेऊ शकणारं; घाव मात्र ‘फेटल’ ठरतो तो माणूस गेल्यावर. इंग्लंडात 1846 साली आणि हिंदुस्थानात 1855 साली ‘फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट’ आला, तो दुसऱ्याच्या चुकीने दगावलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई मागता यावी म्हणून. जखमी होऊन वाचलेल्यांसाठी तो नव्हता. आपल्या न्यायालयांत आजही फिर्याद द्यायला झालेला उशीर सरकार पक्षाला ‘फेटल’ की नाही, यावर वकील तासन्‌तास भांडतात. तिथे मरायचा असतो तो खटला.

मराठीत घोळ होतो तो इथेच. आपल्या बातम्यांमधल्या ‘प्राणघातक हल्ल्या’तून माणसं सर्रास वाचतात, इस्पितळातून घरी येतात, निवडणुकाही लढवतात. त्या सवयीने ‘फेटली इंजर्ड’चं ‘प्राणघातक जखमी’ किंवा ‘गंभीर जखमी’ केलं, तर गेलेला माणूस भाषांतरात जिवंत होतो. भाषांतर करणाऱ्यांना एवढीच विनंती: तिथे सरळ ‘जखमी होऊन मृत्यू’ असं लिहा.