वसईचा दुभाषी – संत गोन्सालो गार्सिया

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, तीत तुम्हीही काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाडीची आणि चुलीची कामे करता करता हाताला विळीची सवय अधिक, लेखणीची कमी. परंतु त्या म्हणाल्या, "पांडित्याचे नको, आपल्या माणसाविषयी लिहा." तेव्हा मला आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाची आठवण झाली. त्याची तसबीर आपल्यापैकी कित्येकींच्या घरी आहे. गास गावचे चर्च त्याच्या नावाने आहे, वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. पण तो कोण होता, त्याने केले काय, असे मुलांनी विचारले तर आपण "तो क्रुसावर मेला" एवढेच सांगून गप्प बसतो. तो मेला कसा हे आपल्याला ठाऊक असते, जगला कसा हे नसते. म्हणून हा लेख.

प्रथम काळ सांगते. इ. स. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षे त्यांचा अंमल येथे राहिला. किल्ला बांधला गेला, गलबते बांधण्याचा उद्योग वाढला, निरनिराळ्या संघांचे मठ व चर्चे उभी राहिली. त्यांच्या पडक्या भिंती आजही किल्ल्यात आहेत. त्या राज्यात सर्व काही चांगलेच घडले असे म्हणणे खरेपणाचे होणार नाही. देवळे पाडली गेली, लोकांवर सक्ती झाली, आणि आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या पूर्वजांनी त्याचे दुःख सोसले. पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण येथील ख्रिस्ती रयत येथेच राहिली व तिची उपासनाही चालू राहिली. राजे येतात आणि जातात, शेजारी मात्र शेजारीच राहतात, हे आपल्या या किनाऱ्याने पाहिलेले आहे.

अशा त्या वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज शिपाई व आई येथलीच, असे सांगतात. येशूसंघाच्या फादरांच्या शाळेत तो शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर गलबतात बसून १५७२ साली जपानात पोचला. आज आपली मुले परदेशी निघाली की आपण विमानतळापर्यंत जातो, आणि ती उतरल्याबरोबर फोन येतो. त्या माउलीने आपला मुलगा समुद्रात दिसेनासा होताना पाहिला असेल तेव्हा तिला काय वाटले असेल, हा विचार राजोडीच्या किनाऱ्यावर उभी राहिले की माझ्या मनात येतो.

जपानात त्याने तेथली भाषा शिकून घेतली. ती इतकी चांगली की लोक त्याचे बोलणे आनंदाने ऐकत. सुमारे आठ वर्षे तो फादरांना धर्मशिक्षणाच्या कामात मदत करीत होता. येशूसंघात आपल्याला घ्यावे ही त्याची मोठी इच्छा. ती पुरी झाली नाही. नकार आला. मनात खंत घेऊन तो तेथून निघाला आणि व्यापार करू लागला. व्यापारात त्याला बरकत आली. पैसा मिळाला, ओळखी वाढल्या.

येथे थोडे थांबावेसे वाटते. नकार मिळालेले माणूस बहुधा दोनांपैकी एक करते. एकतर कडवट होऊन बसते, नाहीतर पैशाच्या मागे लागून पहिले सारे विसरते. गोन्सालोने दोन्ही केले नाही. तो फिलिपिन्समधील मनिला शहरी गेला, तेथे फ्रान्सिस्कन संघाच्या लोकांची गोरगरिबांतील राहणी त्याने पाहिली, आणि चाललेला धंदा सोडून तो त्यांच्यात सामील झाला. तेही फादर म्हणून नव्हे, तर साधा ब्रदर म्हणून. ब्रदर म्हणजे मिस्सा अर्पण न करणारा, पडेल ते काम करणारा धर्मबंधू. घरात सुनेची जी जागा, तीच मठात ब्रदरची, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील पाठविला. हा वकील म्हणजे फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता. त्यांना जपानी येत नव्हते. म्हणून बरोबर दुभाषी म्हणून आपला गोन्सालो गेला. ज्या देशातून तो खंत घेऊन निघाला होता, त्याच देशात आज्ञा झाली म्हणून तो परत गेला. दुभाष्याचे काम मोठे विलक्षण असते. बोलणारा दुसरा, ऐकणारा दुसरा, मान त्यांचा. मधला माणूस स्वतःचे काहीच बोलत नाही, आणि तरी त्याच्यावाचून काडी हलत नाही. वसईचा हा मुलगा जपानच्या सर्वांत बलाढ्य माणसासमोर उभा राहून दुसऱ्याचे शब्द पोचवीत होता.

हिदेयोशीने त्यांना क्योटो येथे राहू दिले. त्याने १५८७ सालीच परदेशी धर्मोपदेशकांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, परंतु तो कडकपणे अमलात आलेला नव्हता. क्योटोत या मंडळींनी लहानसे चर्च बांधले आणि त्याच्या जवळच कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली. त्या काळी कुष्ठरोग्याला सर्वच देशांत गावाबाहेर काढीत. त्याच्या अंगाला हात लावणे तर सोडाच, त्याची सावलीही नको असे. अशा माणसांच्या जखमा धुणे, त्यांना भरविणे, त्यांचे कपडे धुणे हे काम तेथे चाले. जपानी ख्रिस्ती गृहस्थ, वैद्य, औषधे देणारे, सुतार, स्वयंपाकी असे साधे संसारी लोकही या कामात आले होते.

पुढे १५९६ साली वादळ आले, आणि ते खरोखरीचे वादळ होते. मनिलाहून मेक्सिकोकडे जाणारे सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश जहाज त्या ऑक्टोबरात जपानच्या किनाऱ्याला लागून निकामी झाले. त्यावरील माल जप्त करण्यात आला. तेव्हा जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने फुशारकी मारली, की आमचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवितो आणि मागाहून सैन्य, असे सांगतात. हिदेयोशीचा संशय बळावला. एकाच्या तोंडचा गर्व दुसऱ्यांच्या गळ्याशी आला. ज्यांनी कधी तलवार धरली नाही, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना डिसेंबर महिन्यात पकडण्यात आले.

१५९७ च्या जानेवारीत क्योटोत या चोवीस जणांचे डावे कान कापण्यात आले व त्यांची गाड्यांवरून धिंड काढली. मग भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. हे अंतर सुमारे आठशे किलोमीटर, आणि वाटचाल महिनाभराची. वाटेत दोन जपानी ख्रिस्ती या कैद्यांची सेवा करीत त्यांच्याबरोबर चालत होते. पहारेकऱ्यांनी त्यांनाही कैद्यांत ओढले. चोवीसांचे सव्वीस झाले ते असे. या दोघांना कोणी शिक्षा दिली नव्हती, त्यांनी फक्त मदत केली होती. भगिनींनो, हा प्रसंग मी प्रथम ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

त्या सव्वीसांत एक मुलगा बारा वर्षांचा होता. दुसरा एक, कोझाकी नावाचा, चौदा-पंधरा वर्षांचा. तो आपल्या बापाबरोबर मरणाला निघाला होता. वाटेतून त्याने आईला पत्र लिहिले व धाकट्या भावंडांना सांभाळ असे तिला कळविले. ते पत्र मागाहून बापाच्या अंगावर सापडले. मरणाच्या वाटेवरही त्या लेकराला घराची काळजी होती.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने उभे राहिले. आपल्या क्रुसाकडे सर्वांत आधी गेला तो गोन्सालो, अशी परंपरा आहे. त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता, म्हणजे आज माझे जे वय आहे त्याच वयाचा. १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी या मंडळींना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत तो आपला वसईकर. केरळच्या संत आल्फोन्सा यांना ते पद मिळाले ते २००८ साली. आता ६ फेब्रुवारीला साऱ्या जगातील ख्रिस्तसभा या सव्वीसांचा सण पाळते.

कथा येथे संपली असती, पण संपत नाही. पुढे जपानात ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली. एकही फादर उरला नाही. सुमारे अडीचशे वर्षांनी नागासाकीत परदेशी लोकांसाठी एक चर्च बांधण्यात आले आणि त्याला याच सव्वीस संतांचे नाव दिले. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावची काही शेतकरी माणसे तेथे आली आणि त्यांतील एका बाईने फ्रेंच फादरांना हळूच सांगितले, की आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. सात पिढ्या त्यांनी आपली श्रद्धा गुपचूप जपली होती. फादर नव्हते, मिस्सा नव्हती. मग प्रार्थना कोणी शिकविल्या? घरोघरच्या आयांनी आणि आज्यांनी शिकविल्या असतील यात मला तरी शंका नाही. इतिहासात त्यांची नावे नाहीत. आपलीही नसतील. पण काम तेच आहे.

आता थोडे स्वतःविषयी लिहिते, कारण त्यावाचून हा लेख खरा होणार नाही. माझे लग्न होऊन काही वर्षे झाली होती. आमच्या ओळखीच्या एका बाईंना कुष्ठरोग झाल्याचे समजले. सरकारी दवाखान्यात त्यांना फुकट औषध सुरू झाले. हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही, हे दवाखान्यातील बाईंनी आम्हा सर्वांना समजावून सांगितले होते. तरीही घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले, "तिकडे जायचे नाही." मी गेले नाही. वर्षभर गेले नाही. मनाला म्हणत राहिले, मोठ्यांचे ऐकले, आज्ञा पाळली, यात पाप ते काय? त्याच वर्षी मी संत गोन्सालोच्या सणाला जाऊन मेणबत्ती लावून आले!

पुढे त्या बाई बऱ्या झाल्या व एके दिवशी आपण होऊन आमच्याकडे आल्या. मी चहा ठेवला. तेव्हा त्यांनी पिशवीतून स्वतःचा पेला काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "यात ओत ग, म्हणजे तुला मागाहून वेगळे घासायला नको." त्या रागाने बोलल्या नाहीत. त्यांना तशी सवयच झाली होती, आणि ती सवय आम्हीच लावली होती. मी आमच्या घरातील पेल्यात चहा ओतला, पण माझा हात कापत होता. आज त्या हयात नाहीत. तो पेला मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून आज्ञापालन या शब्दाचा मी निराळा विचार करू लागले. आम्हा बायकांना लहानपणापासून ऐकण्याचीच शिकवण असते. ऐकणे वाईट नाही. गोन्सालोही ऐकणाराच होता. वरिष्ठांनी जा म्हटले, तो गेला. दुसऱ्याचे शब्द पोचव म्हटले, त्याने पोचविले. पण त्याचे ऐकणे त्याला दुःखी माणसाच्या जवळ घेऊन गेले. माझे ऐकणे मला लांब घेऊन गेले. मी ज्याला आज्ञापालन म्हणत होते ते भय होते. जी आज्ञा शेजाऱ्यापासून आपल्याला तोडते ती मोठ्यांची असली तरी नम्रपणे, हात जोडून, पण नाही म्हणावी लागते. प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ती खरी आज्ञा. ती समजायला सातवीचे शिक्षणही पुष्कळ झाले.

आपले मंडळ हळदीकुंकू व नाताळचा मेळावा दोन्ही करते. आपण भिशी चालवितो, सहली काढतो, स्पर्धा घेतो. हे सर्व चालूच राहावे. परंतु या वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे. राजोडीत ज्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, जेथे म्हातारे जोडपे एकटे आहे, ज्या घरी रोगाच्या नावाने लोक जायचे टाळतात, अशा घरी दर आठवड्याला आपल्यापैकी दोघींनी जावे. जाताना धर्म विचारू नये, जात विचारू नये. बसावे, काम असेल ते करावे, आणि त्यांच्याच घरच्या पेल्यातून चहा घ्यावा.

गोन्सालो सातासमुद्रापलीकडे गेला. आपल्याला फक्त कुंपण ओलांडून पलीकडच्या वाडीत जायचे आहे.