इंग्रजीत काळ नेमका कुठे चुकतो? वाक्यातला वेळेचा शब्द पाहा

‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे.’ ऑफिसच्या ग्रुपवर असं वाक्य नेहमी दिसतं. शाळेत काळाचे बारा प्रकार पाठ केलेले असतात, तरी ही चूक होते. कारण आपण वाक्य मराठीत जुळवतो आणि मग त्याचं इंग्रजी करतो. ‘मी काल मेल पाठवला आहे’ हे मराठीत बरोबर आहे, पण इंग्रजीत ‘हॅव सेंट’ आणि ‘यस्टरडे’ एकत्र चालत नाहीत.

१. संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ

यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ असे शब्द आले की हॅव काढा: ‘आय सेंट द मेल यस्टरडे.’ कधी पाठवला हे सांगायचं नसेल, फक्त काम झालंय एवढंच कळवायचं असेल, तर पूर्ण वर्तमानकाळ वापरा: ‘आय हॅव सेंट द मेल.’ अमेरिकन इंग्रजीत अशा वेळी ‘आय ऑलरेडी सेंट इट’ हेही सर्रास बोललं जातं.

२. ‘पासून’साठी दोन शब्द

मराठीत ‘२०२० पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे एकच ‘पासून’ येतो. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगताना सिन्स येतो, किती काळ झाला ते सांगताना फॉर.

चूक: आय ॲम वर्किंग हियर सिन्स फाइव्ह इयर्स.
बरोबर: आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर फाइव्ह इयर्स.

मुलाखतीत इथे विशेष जपा. ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणालात, तर ती नोकरी तुम्ही सोडली आहे असा अर्थ निघतो. अजून तिथेच असाल तर ‘हॅव वर्क्ड’ किंवा ‘हॅव बीन वर्किंग’ म्हणा.

३. ‘तो येईल तेव्हा’ म्हणताना विल नको

‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ यात मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत व्हेन, इफ, आफ्टर, बिफोर, अनटिल यांनी सुरू होणाऱ्या अशा भागात साधा वर्तमानकाळ येतो आणि विल दुसऱ्या भागात: ‘आय विल टेल हिम व्हेन ही कम्स.’ मात्र प्रश्न विचारताना ‘व्हेन विल ही कम?’ हे बरोबरच आहे.

४. प्रत्येक ‘-तोय’ला आयएनजी नको

‘मी त्याला ओळखतोय’ याचं ‘आय ॲम नोइंग हिम’ होत नाही. नो, वॉन्ट, बिलीव्ह, बिलाँग ही क्रियापदं कृती नाही, स्थिती सांगतात. त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. ‘आय नो हिम’ एवढं पुरे.

पाठवण्याआधी तीन प्रश्न

- वाक्यात संपलेली वेळ आहे का? मग साधा भूतकाळ.
- गोष्ट आधी सुरू होऊन अजून चालू आहे का? मग हॅव किंवा हॅज.
- व्हेन, इफ आलाय, पण प्रश्न नाही? मग त्या भागातला विल काढा.

बारा काळांचा तक्ता आठवत बसण्यापेक्षा मेल किंवा पोस्ट पाठवण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. रोजच्या लिहिण्यातल्या बऱ्याच चुका तिथेच सापडतील.