घाटाविना चढण : कतारमधील रोड सायकलिंग

रोड सायकलिंग म्हटले की आल्प्समधील एखादी दरी डोळ्यांसमोर उभी राहते : दुतर्फा सफरचंदांच्या बागा आणि वळणे घेत खिंडीकडे चढत जाणारा रस्ता. मराठी सायकलस्वाराच्या मनात त्या जागी बोरघाट असतो, नाहीतर कसारा. कतारमध्ये यांपैकी काहीच नाही. देशातील सर्वोच्च ठिकाण असलेल्या कुरैन अबू अल-बौलची उंची अवघी १०३ मीटर आहे. तरीही याच देशाने २००२ पासून सलग १५ वर्षे व्यावसायिक सायकल शर्यत भरवली आणि २०१६ मध्ये रोड सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही आयोजित केली. येथे सायकलस्वाराची कसोटी लागते ती वाऱ्यात आणि उष्णतेत. दोह्यात नोकरी-व्यवसायानिमित्त राहून सायकल चालवणाऱ्याला या दोहोंचे गणित समजून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

वारा हाच घाट

चढावर सायकलस्वाराची बहुतांश शक्ती गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्यात खर्च होते, तर सपाटीवर ती हवेचा अवरोध भेदण्यात जाते. हा अवरोध हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून समोरून येणारा वारा भलताच महाग पडतो. उदाहरणार्थ, स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर सहा टक्के चढावर ताशी १२ किलोमीटर वेग राखण्यास सुमारे १९० वॅट शक्ती लागते. तेवढ्याच शक्तीत वारा नसलेल्या सपाट रस्त्यावर ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेग मिळतो. मात्र समोरून ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, की तोच वेग २१-२२ वर येतो. चढ डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना तो नेमका कळतो.

कतारमधील प्रमुख वारा वायव्येकडून येतो. ‘शमाल’ या नावाने तो ओळखला जातो आणि जोर धरला की धुळीचे लोटही सोबत आणतो. दोह्याहून उत्तरेकडे निघालेल्या स्वाराला जाताना हा वारा तिरका समोरून लागतो आणि परतीच्या वाटेवर तोच पाठीशी असतो. ताजेतवाने असताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि थकल्यावर वाऱ्यासोबत परतावे, हा येथील पहिला धडा. हा क्रम उलटा झाला, तर पाणी संपत आलेले असते, ऊन चढलेले असते आणि नेमका तेव्हाच वारा तोंडावर येतो.

आडव्या वाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. वारा डावीकडून असेल तर पुढच्या स्वाराचा आडोसा त्याच्या थेट मागे मिळत नाही. तो उजवीकडे किंचित मागे मिळतो. त्यामुळे स्वारांची तिरकी रांग तयार होते. फ्रेंचमध्ये तिला ‘एशलों’ म्हणतात. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्याच स्वारांना या रांगेत आडोसा मिळतो. उरलेले कडेला एकामागे एक लागतात, उघड्यावर झुंजतात आणि पाहता पाहता मागे पडतात.

शर्यतींची पंधरा वर्षे

‘टूर ऑफ कतार’ या शर्यतीचे नाट्य याच तिरक्या रांगेवर उभे होते. २००२ ते २०१६ या काळात ती युरोपातील मोसमापूर्वी, हिवाळ्यात होत असे. शर्यतीच्या उभारणीत बेल्जियमचे महान सायकलपटू एडी मर्क्स यांचा मोठा वाटा होता. बेल्जियमच्याच टॉम बोनन याने ती चार वेळा जिंकली (२००६, २००८, २००९ आणि २०१२). बोनन हा काही डोंगरांचा राजा नव्हता. अंगापिंडाने भक्कम आणि वाऱ्यात मुरलेला असा हा स्वार होता. घाटात भारी पडणारे शरीराचे वजन सपाटीवर तितकेसे आड येत नाही आणि तेथे निव्वळ ताकदीला मोल येते, हे त्याच्या विजयांनी दाखवून दिले. महिलांची स्वतंत्र शर्यत २००९ मध्ये सुरू झाली. नेदरलँड्सच्या कर्स्टन विल्ड हिने तीही चार वेळा जिंकली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये दोह्यात भरलेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ही मध्यपूर्वेतील अशी पहिलीच. पुरुषांच्या मुख्य शर्यतीत सुमारे २५७ किलोमीटर अंतर होते. तिचा पूर्वार्ध उत्तरेकडील वाळवंटात आणि उत्तरार्ध ‘द पर्ल’ या कृत्रिम बेटावरील फेऱ्यांमध्ये होता. वाळवंटात आडवा वारा मिळताच बेल्जियमच्या संघाने वेग वाढवला आणि मुख्य जथ्थ्याचे तुकडे झाले. जर्मनीचे मार्सेल किटेल आणि आंद्रे ग्रायपेल यांच्यासारखे वेगवान स्वार मागच्या गटात अडकले आणि फेऱ्या सुरू होण्याआधीच त्यांची आशा मावळली. पुढच्या गटात जेमतेम शिरलेला स्लोव्हाकियाचा पीटर सागान विजेता ठरला. मार्क कॅव्हेंडिश दुसरा, बोनन तिसरा. महिलांच्या शर्यतीत डेन्मार्कची आमालिए डिडरिक्सन विजयी झाली.

या स्पर्धेवर टीकाही झाली. उष्णतेमुळे स्वारांच्या प्रकृतीविषयी चिंता व्यक्त झाली आणि रस्त्याकडेला प्रेक्षक फारच तुरळक होते. त्यानंतर काही आठवड्यांतच आर्थिक कारणास्तव २०१७ ची ‘टूर ऑफ कतार’ रद्द करण्यात आली. शर्यत बंद पडली आणि वाळवंटातले ते रस्ते पुन्हा मोटारींच्या हवाली झाले.

तेहतीस किलोमीटरची वाट

सामान्य सायकलस्वाराच्या हाती खऱ्या अर्थाने काही पडले ते यानंतर. सार्वजनिक बांधकाम प्राधिकरण ‘अश्गाल’ने अल खोर रस्त्यालगत सुमारे ३३ किलोमीटर लांबीचा, केवळ सायकलींसाठी राखीव मार्ग बांधला. दोहा गोल्फ क्लबच्या परिसरातून निघून तो अल खोरकडे जातो. सात मीटर रुंदीच्या या मार्गावर दोन्ही दिशांनी गटाने जाता येते. रस्ते ओलांडण्यासाठी भुयारी मार्ग आहेत, त्यामुळे मोटारींशी गाठ पडत नाही. सर्वाधिक लांबीचा सलग सायकल मार्ग म्हणून २०२० मध्ये त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. शुक्रवार-शनिवारच्या साप्ताहिक सुट्टीत पहाटेपासूनच येथे वर्दळ सुरू होते. अल खोरच्या पुढे अल थखिरा येथे खारफुटीचे वन आहे. वाळवंटातून आलेल्या कोकणी माणसाला ती हिरवाई क्षणभर खाडीकाठी नेऊन सोडते.

उष्णतेचे गणित

उन्हाळ्यात कतारचे तापमान ४० अंशांच्या वर सहज जाते. तरी नुसत्या तापमानाच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे. घाम येण्याने शरीर थंड होत नाही. तो वाळण्याने होते. ऑगस्ट-सप्टेंबरमधील दमट रात्री पारा ३३-३४ अंशांवर असला तरी घाम वाळत नाही आणि शरीरातील उष्णता आतच साठत जाते. म्हणूनच तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्रित विचार करणारा ‘वेट बल्ब ग्लोब’ निर्देशांक महत्त्वाचा मानला जातो.

कतारच्या कामगार मंत्रालयाने २०२१ मध्ये घालून दिलेला नियम येथे मार्गदर्शक ठरतो. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावर काम करण्यास मनाई आहे आणि हा निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेल्यास कोणत्याही वेळी काम थांबवणे बंधनकारक आहे. ज्या हवेत कामगाराला काम थांबवण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्या हवेत हौसेखातर सायकल दामटण्यात शहाणपण नाही. जूनमध्ये सूर्योदय पावणेपाचच्या सुमारास होतो, त्यामुळे फेरी उजाडण्यापूर्वी सुरू करून लवकर आटोपणे श्रेयस्कर. घामावाटे तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी जाऊ शकते आणि त्यासोबत मीठही जाते, म्हणून केवळ पाणी पुरेसे ठरत नाही. थंडी वाजू लागणे, घेरी येणे, बोलताना शब्द अडखळणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी तत्काळ थांबून सावली गाठावी, अंगावर पाणी ओतावे आणि मदत बोलवावी.

घाट हवाच असेल तर

दोह्यातील स्वाराला चढाची ओढ लागली की तो शेजारी देशांकडे वळतो. रास अल खैमा येथील जबल जैसचा रस्ता सुमारे २० किलोमीटर सलग चढतो. ओमानमधील जबल अखदर हा अर्थाने ‘हिरवा डोंगर’. आल्प्सच्या दरीचे अरबी रूप पाहायचे तर येथेच : पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत डाळिंब, जर्दाळू, अक्रोड आणि गुलाब, आणि त्यांना पाणी पुरवणारे ‘फलज’ नावाचे प्राचीन पाट. ‘टूर ऑफ ओमान’मध्ये निर्णायक ठरत आलेली येथील चढण ५.७ किलोमीटरची असून तिचा सरासरी चढ दहा टक्क्यांहून अधिक आहे.

वाऱ्यात कमावलेली ताकद घाटातही उपयोगी पडते. तासभर एका लयीत पायडल मारत राहण्याची सवय ही दोन्हींकडची समान शिदोरी आहे. नागपूरचे अमित समर्थ आणि तेव्हा नाशिक येथे कार्यरत असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्या मार्गात वाळवंटाची धग आणि रॉकी पर्वताचे चढ, दोन्ही येतात.

एक गोष्ट मात्र कतारमध्ये शिकता येत नाही, ती म्हणजे उतार. वळणाआधी वेग कमी करणे, दोन्ही ब्रेकांचा तोल सांभाळणे, नजर वळणाच्या पलीकडे ठेवणे, हे सारे सपाटीवर अंगवळणी पडत नाही. त्यात आखाती मराठी कुटुंबांची वार्षिक सुट्टी बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येते, म्हणजे ऐन पावसाळ्यात. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतची जवळपास पाचशे मीटर उंची दोह्यात तयार झालेले पाय चढून जातील. खरी परीक्षा ओल्या, शेवाळलेल्या वळणांवरून खाली येताना आहे. पहिला उतार कोरड्या दिवशी, लहान घाटात आणि जाणत्या सोबत्याच्या मागून उतरावा.