डोरिस मिलर : एका आचाऱ्याचं नाव विमानवाहू युद्धनौकेला का दिलं गेलं?

अमेरिकेच्या विमानवाहू युद्धनौकांना बहुतेक वेळा राष्ट्राध्यक्षांची किंवा बड्या नेत्यांची नावं दिली जातात. २०२० मध्ये मात्र एका नव्या नौकेसाठी जहाजावरच्या एका आचाऱ्याचं नाव जाहीर झालं. ते नाव म्हणजे डोरिस मिलर.

कोण होते मिलर?

जन्म १२ ऑक्टोबर १९१९, टेक्सासमधल्या वेको इथला. घर शेतकऱ्याचं. १९३९ मध्ये ते नौदलात भरती झाले. त्या काळी कृष्णवर्णीयांना नौदलात प्रामुख्याने स्वयंपाकघर आणि मेसचीच कामं मिळत. अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं, त्यांच्या खोल्या आवरायच्या, कपडे धुवायला न्यायचे. तोफा-बंदुका चालवण्याचं प्रशिक्षण त्यांच्या वाट्याला येत नसे.

पर्ल हार्बरला काय घडलं?

७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी जपानने हल्ला केला, तेव्हा मिलर 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर धुण्याचे कपडे गोळा करत होते. गंभीर जखमी झालेल्या कॅप्टनला आडोशाला हलवायला त्यांनी मदत केली. मग कधीही न शिकलेली विमानविरोधी मशीनगन हातात घेतली आणि गोळ्या संपेपर्यंत चालवली. पुढे तेल पसरलेल्या पाण्यातून जखमी सहकाऱ्यांना बाहेर काढलं.

नौदलाने गौरवाची यादी काढली, तेव्हा त्यात मिलर यांचं नावच नव्हतं. होता तो फक्त 'एक कृष्णवर्णीय' असा उल्लेख. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने पाठपुरावा केला आणि मार्च १९४२ मध्ये नाव जगासमोर आलं. २७ मे १९४२ रोजी अॅडमिरल निमित्झ यांनी त्यांच्या छातीवर 'नेव्ही क्रॉस' लावला. हे पदक मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी.

पदकानंतर काय?

पदक मिळालं, पण काम स्वयंपाकघरातलंच राहिलं. १९४३ मध्ये बढती मिळाली तीही 'कुक थर्ड क्लास' या पदावर. त्यांची नेमणूक 'लिस्कम बे' या छोट्या विमानवाहू नौकेवर झाली.

२४ नोव्हेंबर १९४३ च्या पहाटे, प्रशांत महासागरात गिल्बर्ट बेटांजवळ, जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो या नौकेवर आदळला. आतला विमानांच्या बॉम्बचा साठा फुटला. २३ मिनिटांत जहाज बुडालं आणि ६४४ जण गेले. मिलर त्यांच्यातच होते. वय अवघं २४. मृतदेह सापडला नाही. ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरला बरोबर दोन वर्षं झाली त्याच दिवशी, ते बेपत्ता असल्याचं आई-वडिलांना कळवण्यात आलं.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

वेकोमध्ये ब्राझोस नदीकाठी त्यांचं स्मारक आहे. १९७३ मध्ये 'यूएसएस मिलर' ही फ्रिगेट नौदलात आली. त्यानंतरची 'यूएसएस डोरिस मिलर' ही अधिकारी नसलेल्या साध्या नौसैनिकाचं नाव मिळालेली अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका. ज्या नौदलाच्या यादीत मिलर यांना नाव नव्हतं, त्याच नौदलाच्या विमानवाहू नौकेवर आता ते नाव असेल.