तळटीप १२ : ‘वाईचे जाडजूड खंड’

लेखकाने सांगलीच्या वाचनालयात चाळलेले हे खंड मराठी विश्वकोशाचे. त्याआधी मराठीत केतकरांनी २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तडीस नेला. विश्वकोशाचे काम मात्र सातारा जिल्ह्यातल्या वाईत चालले. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथल्याच प्राज्ञपाठशाळेत शिकलेले, संस्कृत परंपरेतले पंडित. पण अणूपासून अर्थशास्त्रापर्यंत सारे मराठीत यावे हा त्यांचा ध्यास. अडचण परिभाषेची. एकाच संज्ञेला दोन नोंदींत दोन प्रतिशब्द आले तर वाचकाने कुठे बघायचे? म्हणून ‘परिभाषासंग्रह’ १९७३ मध्ये आधी निघाला, पहिला खंड १९७६ मध्ये. हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो.