अमेरिकेतील मालक-चालक आणि डंप ट्रेलरची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास (१९३५ ते २०२२)

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमेरिकेच्या आर्थिक इतिहासात रेल्वे, पोलाद आणि मोटार उद्योगांचा विचार विपुल प्रमाणात झालेला आहे. त्या मानाने स्वतःचा ट्रक स्वतःच चालवून उपजीविका करणाऱ्या 'मालक-चालक' या घटकाकडे इतिहासकारांचे लक्ष उशिरा वळले. मायकेल बेल्झर (२०००), शेन हॅमिल्टन (२००८) आणि स्टीव्ह व्हिसेली (२०१६) यांच्या ग्रंथांमुळे या वर्गाचे चित्र बरेच स्पष्ट झाले असले, तरी खडी, वाळू, माती व डांबर-मिश्रण वाहणारा स्थानिक मालक-चालक त्या चित्रात काहीसा कडेलाच राहतो. प्रस्तुत लेखात या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या व्यक्तीसमोरील एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा, म्हणजे कोणता डंप ट्रेलर घ्यावा या प्रश्नाचा, ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. ही निवड वरकरणी तांत्रिक दिसते. परंतु तिच्यामागे सुमारे नऊ दशकांचे कायदे, पुलांचे गणित आणि भाड्याचे राजकारण उभे आहे, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

महाराष्ट्रात ज्याला 'डंपर' किंवा 'हायवा' म्हटले जाते, त्याचा हौदा ट्रकच्याच सांगाड्यावर बसविलेला असतो. डंप ट्रेलर हा त्याहून वेगळा प्रकार होय. यात ओढणारा ट्रॅक्टर आणि मालाचा हौदा ही दोन स्वतंत्र वाहने असून ट्रेलरचा पुढील भार ट्रॅक्टरवर टेकतो. या रचनेची मुळे डेट्रॉईट येथील लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी १९१४ मध्ये लाकूड-व्यापारी फ्रेडरिक सिब्ली यांची बोट वाहून नेण्यासाठी बनविलेल्या अर्ध-ट्रेलरपर्यंत नेता येतात. पुढे त्याच तत्त्वावर हौदा कलवून माल मागून ओतणारे, तळाची दारे उघडून माल सोडणारे आणि बाजूला कलणारे असे डंप ट्रेलरचे प्रमुख प्रकार विकसित झाले.

नियंत्रणाचा कालखंड (१९३५ ते १९८०)

१९३५ च्या मोटार वाहक कायद्याने आंतरराज्य ट्रक वाहतूक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या नियंत्रणाखाली आली. नव्या वाहकास परवाना मिळणे कठीण झाले आणि दरांवर आयोगाची देखरेख आली. प्रक्रिया न केलेला शेतमाल मात्र या नियंत्रणातून वगळण्यात आला. स्वतंत्र मालक-चालक वर्ग प्रामुख्याने या सवलतीच्या आश्रयाने वाढला. खडी व वाळूची वाहतूक बहुतांशी राज्याच्या हद्दीतच होत असल्याने तिचे नियमन राज्यांच्या हाती राहिले. कॅलिफोर्नियात डंप ट्रकच्या वाहतुकीसाठी किमान दर ठरविले जात. अशा व्यवस्थेत नव्या ट्रकमालकाला आपल्या गुंतवणुकीचा काहीएक हिशेब आधी मांडता येत असे.

१९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड बांधकाम सुरू झाले आणि खडी-मातीच्या वाहतुकीस मोठी मागणी निर्माण झाली. त्याच कायद्याने या महामार्गांवरील वाहनांचे एकूण वजन ७३,२८० पौंडांपर्यंत मर्यादित केले. मात्र ज्या राज्यांत आधीपासून अधिक वजनाची मुभा होती, तेथे ती कायम राहिली. मिशिगनमध्ये अकरा ॲक्सलच्या वाहनांना १,६४,००० पौंडांपर्यंत मुभा आहे. अशा राज्यासाठी घेतलेले बहु-ॲक्सल ट्रेलर अन्यत्र त्याच लाभाने चालविता येत नाहीत, ही बाब खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

१९७३ च्या तेलसंकटाने डिझेलचे भाव वाढले. चालकांनी महामार्ग अडविले, संप केले आणि त्याच वर्षी मालक-चालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. यानंतर १९७४ च्या महामार्ग दुरुस्ती कायद्याने, ज्यावर ४ जानेवारी १९७५ रोजी स्वाक्षरी झाली, एकूण वजनमर्यादा ८०,००० पौंड (सुमारे ३६.३ मेट्रिक टन) झाली. एका ॲक्सलसाठी २०,००० आणि जोड-ॲक्सलसाठी ३४,००० पौंडांची मर्यादा ठरली. त्याबरोबरच 'पूल-सूत्र' लागू झाले. १९८२ च्या कायद्याने ८०,००० पौंडांची मर्यादा आंतरराज्य महामार्गांवर सर्व राज्यांना बंधनकारक झाली.

पूल-सूत्र आणि ट्रेलरची लांबी

पूल-सूत्राचा आशय असा की, तेच वजन कमी लांबीत एकवटले तर पुलावर अधिक ताण येतो. म्हणून ॲक्सलची संख्या व त्यांच्यातील अंतर यांवर अनुज्ञेय वजन अवलंबून असावे. पाच ॲक्सलच्या वाहनास ८०,००० पौंडांची पूर्ण मुभा मिळण्यासाठी पहिल्या व शेवटच्या ॲक्सलमध्ये ५१ फुटांचे अंतर लागते. हे अंतर ४० फूट असल्यास सूत्रानुसार मर्यादा ७३,००० पौंडांवर येते. ७,००० पौंडांचा हा फरक म्हणजे साडेतीन अमेरिकी टन. ज्याचे भाडे टनावर मिळते, त्याला प्रत्येक फेरीत साडेतीन टन गमवावे लागतात.

म्हणून नवा मालक लांब ट्रेलरकडे वळतो. येथेच या निवडीतील खरा पेच आहे. मागून ओतणाऱ्या ट्रेलरचा हौदा जितका लांब, तितका तो उचलल्यावर उंच जातो. जमीन किंचित तिरपी असली, किंवा ओली माती हौद्याच्या वरच्या टोकाशी चिकटून राहिली, तर संपूर्ण वाहन आडवे होऊ शकते. वजन वाचविण्यासाठी खालचा सांगाडा काढून टाकलेल्या प्रकारात हा धोका अधिक मानला जातो. पुलाच्या रक्षणासाठी केलेला नियम अशा रीतीने माल उतरविण्याच्या जागेवरील जोखीम चालकाच्या पदरात टाकतो.

तळातून माल सोडणारा ट्रेलर उचलावा लागत नसल्याने स्थिर राहतो आणि रस्त्याच्या कामावर चालता-चालता मालाची सरळ ओळ घालतो. परंतु मोठे दगड किंवा पाडकामाचा राडारोडा त्याच्या दारांतून जात नाही. बाजूला कलणाऱ्या ट्रेलरचा हौदा उंच उचलावा लागत नाही. मात्र त्याची यंत्रणा वजनदार असते. धातूचाही प्रश्न असाच आहे. ॲल्युमिनियमचा हौदा हलका असतो, तर दगडांचा मारा पोलाद अधिक सोसते. समजा, दोहोंच्या वजनात ३,००० पौंडांचा फरक असेल, तर दिवसाच्या चार फेऱ्यांत सहा टनांचे भाडे कमी-अधिक होते. हौदा दगडांनी फाटला तर मात्र हा लाभ दुरुस्तीतच जातो.

नियंत्रणमुक्तीनंतर

१ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या मोटार वाहक कायद्याने आंतरराज्य वाहतुकीत प्रवेश सुलभ झाला. १९९४ च्या कायद्याने, १ जानेवारी १९९५ पासून, राज्यांचाही मालवाहतुकीचे दर ठरविण्याचा अधिकार संपुष्टात आला. डंप वाहतुकीच्या किमान दरांचा आधार अशा प्रकारे गेला. प्रवेश सोपा झाला, पण भाड्याची शाश्वती उरली नाही.

तत्पूर्वी १९७९ मध्ये आयोगाने भाडेकराराविषयी नियम केले होते. करार लेखी असावा, कपाती स्पष्ट दाखवाव्यात, कागदपत्रे दिल्यानंतर पंधरा दिवसांत मोबदला द्यावा आणि चालकास कंपनीकडूनच वस्तू घेण्याची सक्ती करू नये, असा त्यांचा आशय होता. तथापि हे नियम आंतरराज्य वाहकांसाठी असल्याने निव्वळ राज्यांतर्गत खडी वाहणाऱ्यास त्यांचे संरक्षण सहसा लाभत नाही. भाडे-खरेदी पद्धतीत चालक 'मालक' म्हणविला जाऊनही कर्जाने बांधला जातो, हे व्हिसेली यांच्या अभ्यासाने दाखविले आहे. १९८२ च्या कायद्यान्वये नव्या जड ट्रेलरच्या पहिल्या किरकोळ विक्रीवर १२ टक्के संघीय कर बसला. वापरलेल्या ट्रेलरवर तो नसल्याने अल्प भांडवलाचा नवागत जुन्या ट्रेलरकडे झुकतो आणि स्वस्ताईबरोबर झिजलेली हायड्रॉलिक यंत्रणाही पदरी घेतो.

कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये संमत झालेल्या कायद्याने स्वतंत्र कंत्राटदाराची व्याख्या कडक केली. ३० जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाहतूकदारांची याचिका ऐकण्यास नकार दिला. त्यामुळे मालक-चालक हा खरोखर 'मालक' आहे काय, हा जुना प्रश्न पुन्हा न्यायालयीन चर्चेत आला.

निष्कर्ष

१. डंप ट्रेलरची लांबी, धातू व प्रकार यांची निवड केवळ यंत्रशास्त्राची नसून १९५६, १९७४ व १९८२ च्या कायद्यांनी तिला आकार दिला आहे.

२. अधिक वजन वाहण्याची आर्थिक निकड आणि माल उतरवितानाची सुरक्षितता यांत अंगभूत विरोध आहे. त्याचा भार अखेरीस चालकावर पडतो.

३. १९८० व १९९४ च्या नियंत्रणमुक्तीने धंद्याचे दार उघडले. मात्र गुंतवणूक फिटेल याची हमी देणारी दरव्यवस्था नाहीशी केली.

४. स्थानिक वजननियम भिन्न असल्याने नवागताने आधी माल, मार्ग व उतरविण्याची जागा निश्चित करून मग ट्रेलर निवडणे हितावह ठरते. ट्रेलर आधी घेणाऱ्यास हप्ते फेडण्यासाठी मिळेल तो माल, मिळेल त्या जमिनीवर उतरवावा लागतो.

स्वातंत्र्याच्या ओढीने स्टिअरिंगमागे बसणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य किती मर्यादांनी वेढलेले आहे, हे त्याच्या ट्रेलरच्या लांबीवरूनही वाचता येते. श्रमाच्या इतिहासाला अशा साध्या साधनांची दखल घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.