कागदाच्या गावातला निरोप

जुन्नरचा बाजार रविवारी भरतो, बेल्ह्याचा सोमवारी. बाजाराला निघालेल्या बाईच्या पिशवीत माल असतो आणि पदराच्या गाठीला पैसे. तिसरी गोष्ट असते ती दिसत नाही. "तुझ्या मावशीला म्हणावं, म्हस व्याली, खरवस खायाला ये. आन् येताना ती लसणाची जुडी आण, मागच्या खेपेला बोलली व्हती ती." एवढं सांगून झालं की वर हमखास एक वाक्य येतं, "निरोप इसरू नको."

तीनचार वाक्यांच्या या ऐवजात घरची बातमी आहे, आमंत्रण आहे आणि एक कामही लावून दिलेलं आहे. पोहोचवणारीला टपालहशील नाही, वर दोन शब्द लक्षात ठेवायचा भार. त्याला आपण निरोप म्हणतो. मात्र हा शब्द जन्मला तेव्हा त्यात म्हैस नव्हती, लसूणही नव्हता. तो फार वरच्या घराण्यातला.

जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा. 'गुरुचरित्रा'त शिष्य गुरूचा निरोप घेतो तेव्हा तो काही स्टेशनवर हात हलवत नसतो, गुरूने काय करायला सांगितलं ते शिरसावंद्य मानत असतो. शेजारच्या कन्नडमध्ये 'निरूप' हा शब्द राजाज्ञेसाठी वापरात होता, आणि 'निरूपण' हा आपल्या नित्याच्या ओळखीतला त्याचा भाऊबंद. वरच्याने सांगायचं आणि खालच्याने ऐकायचं, अशी या शब्दाची मूळची बैठक. मोठ्या माणसासमोरून उठायचं तर त्याची परवानगी लागते, म्हणून 'निरोप घेणे' म्हणजे जाण्याची आज्ञा घेणे. पुढे आज्ञा गळून पडली, जाणं तेवढं उरलं, आणि निवृत्त होणाऱ्या मास्तरांचा निरोप समारंभ होऊ लागला. दुसऱ्या बाजूला, आज्ञा दूरच्या माणसाला कळवायची तर कुणाच्या तरी तोंडी पाठवावी लागे. त्या वाटेने निरोप म्हणजे तोंडी संदेश झाला. एकाच घरातले हे दोन भाऊ आज एकमेकांना ओळखत नाहीत.

बायकांच्या तोंडी हा शब्द आला तेव्हा त्यातला हुकूम कुठे गेला? मला वाटतं, पूर्ण गेला नाही. "खरवस खायाला ये" यात विनंती किती आणि आज्ञा किती, हे मावशीला बरोबर कळतं.

'सांगावा' या शब्दाची गोष्ट साधी आणि मला जास्त आवडणारी. 'सांगावा' हे नुसतं क्रियापदाचं रूप, म्हणजे जो सांगायला हवा तो. त्याचंच नाम झालं. 'खुशाली' फारसीतून आली, खुश आणि हाल मिळून. 'कागद'ही फारसीच. आणि कागदाचा विषय निघाला की जुन्नर आलंच.

जुन्नरी कागद पेशवाईत नावाजलेला होता. जुन्नरच्या कागदी लोकांचा, म्हणजे मुसलमान कारागिरांचा, तो पिढीजात धंदा. जुनं गोणपाट आणि चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, चुन्यात मुरवून धुवायच्या, हौदातल्या लगद्यातून चाळणीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटला नाही तर बोरूची शाई पसरते. घोटलेल्या कागदावर मोडी धावते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हा जुन्नरी कागद आजही हाताला लागतो, दोनशे-अडीचशे वर्षांनंतर चांगला धडधाकट.

त्यावर बायकांचं काय आहे? आहे, पण मोठ्या घरांतल्या बायकांचं. त्यांना लिहिलेल्या पत्रांचे मायने पाहावेत. सवाष्णीला 'वज्रचुडेमंडित सौभाग्यवती', विधवेला 'गंगाभागीरथी', वडीलधाऱ्या बाईला 'गंगाजलनिर्मल मातोश्री'. तिचं कुंकू आहे की नाही हे तिच्या नावाआधी कळतं. मग येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, आणि मग मजकूर. नानासाहेब पेशव्यांमागे नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिलेल्या गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, दिवस कसा घालवावा याची तपशीलवार शिकवण लिहून पाठवली. तो निरोप जुन्या अर्थाचाच, थेट आज्ञा. गो. स. सरदेसायांनी 1930 नंतरच्या चार वर्षांत पेशवे दफ्तराचे 45 खंड काढले म्हणून असली घरगुती पत्रं आपल्यासमोर आली. तरीही बहुतेक ठिकाणी बाई बोलते आणि कारकून लिहितो. मधे एक पुरुष बसलेला आहे, हे वाचताना विसरू नये.

नेमक्या याच काळात विलायतेत एकामागून एक चार जॉर्ज राजे झाले, 1714 ते 1830. इकडे बाळाजी विश्वनाथ 1713 साली पेशवे झाले आणि 1818 साली पेशवाई बुडाली. दोन्ही काळ जवळजवळ एकावर एक बसतात. तिकडच्या मध्यमवर्गातल्या बायका मात्र स्वतःच्या हाताने लिहीत होत्या. जेन ऑस्टिनने बहीण कॅसांड्राला लिहिलेल्या पत्रांत कुणाला मूल झालं, कोण आजारी आहे आणि मलमलीचा भाव काय, हे सगळं एका दमात येतं. शहरात गेलेल्या मैत्रिणीने दुसरीसाठी फीत, मोजे, कापड आणायचं, अशी त्यांची रीतच होती. टपालाचे पैसे पाठवणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने भरायचे, तेही कागदाच्या संख्येवर. म्हणून ताव भरला की तोच आडवा धरून आधीच्या ओळींवरून दुसऱ्या ओळी लिहायच्या. वाचणारीचे डोळे फुटोत, पैसे वाचले पाहिजेत! कॅसांड्राने पुढे यातली बरीच पत्रं जाळून टाकली. उरली ती सुमारे 160.

जुन्नरच्या बाईला जाळायला काही नव्हतं. तिच्या गावात कागद बनत होता, तो घोड्यावरून पुण्याला जात होता, आणि तिला आंबेगावच्या मैत्रिणीला हिरडा निघाला का एवढं विचारायचं तर कुणीतरी त्या वाटेने जाणारं गाठावं लागे.

गाठायचं कुणाला, हे ठरलेलं होतं. पंचमीला, दिवाळीला लेक आणायला जाणारा मुराळी एक. तो सासरच्यांसमोर जे बोलतो ते खुशाली, आणि परतीच्या वाटेवर बहीण जे बोलते तो खरा निरोप. दुसरा कासार. परक्या पुरुषाने बाईचा हात हातात धरावा आणि कुणी काही म्हणू नये, अशी सवलत त्याच्या धंद्याला होती. बांगडी चढवायला वेळ लागतो, ओसरीवर गावच्या बायका जमतात, आणि कासार कालच शेजारच्या गावात बसून आलेला असतो. तोंडी टपालाला याहून बरी जागा सापडणार नाही. शिवाय जातं होतंच. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळताना एकमेकींना जे सांगत, त्यातलं पुष्कळ ओवीत जाई. ओवी ऐकणारी ती दुसऱ्या घरी नेई, नावगाव बदलून.

एक निरोप मात्र बायकांच्या या वाटेने जात नसे. मरणाचा निरोप पोहोचवणं हे महाराचं वतनी काम होतं. गावात कुणी गेलं की रात्र असो, पाऊस असो, परगावच्या सोयऱ्यांना कळवायला पायी निघायचं. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि बलुत्याची भाकर. निरोपाच्या गोड आठवणी काढताना हे पाय वगळले तर कुळकथा खोटी होईल. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडलं; वतनं प्रत्यक्ष गेली ती 1958 च्या कायद्याने.

कागदावर स्वतःच्या हाताने लिहिणारी बाई या मुलखात दिसते ती 1877 साली. 20 एप्रिलला सावित्रीबाई फुल्यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं. दुष्काळाचं वर्ष होतं, जनावरं तडफडून मरत होती, माणसं गाव सोडत होती, आणि ओतूर-जुन्नर भागातले सत्यशोधक मदतीला उभे होते. नवऱ्याला लिहिलेलं पत्र, पण त्यात अख्ख्या तालुक्याची खुशाली आहे, म्हणजे नसलेली खुशाली. त्याआधी, 1856 च्या ऑक्टोबरात, त्या आजारी पडून नायगावला माहेरी होत्या. तिथून लिहिलेल्या पत्रात शाळेतल्या सहकारी मैत्रिणीची, फातिमेची, आठवण निघते: आपण नसल्याने तिच्यावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुरणार नाही. एका मैत्रिणीने दुसरीचा भार उचलायचा आणि पहिलीने ते लांबून ओळखायचं, एवढंच त्या वाक्यात आहे. पुण्यातल्या मुलींच्या शाळांबद्दल पानंच्या पानं वाचूनही जे कळत नाही ते मला इथे कळलं.

पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी आलं, पाव आण्याला एक. लिहिता न येणाऱ्या बाईच्या ते फार कामी आलं आणि थोडं आड आलं. कामी आलं कारण शाळेतलं कुणाचंही पोर हाताशी धरून चार ओळी लिहवता येत. आड आलं कारण त्या पोरापासून पोस्टमनपर्यंत सगळे वाचत. कासाराच्या कानात सांगितलेलं आता उघड्यावर पडलं. मग मजकूर आखडला: 'पत्रास कारण की', 'इकडील सर्व मंडळी खुशाल', आणि कामाचं वाक्य एखादंच. पण न वाचणाऱ्यांनी कार्डाला स्वतःची लिपी दिली. लग्नाच्या कार्डाला हळदकुंकवाची बोटं. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला. पोस्टमनने हात पुढे केला की बाई आधी कोपरे पाही, आणि एक कोपरा नसला तर अक्षर कळायच्या आधी हंबरडा फुटे.

पुढे वाटा बदलल्या. जुन्नर, आंबेगाव, खेड इथले पुरुष मुंबईला हमालीला, माथाडीला, डबे पोहोचवायला गेले आणि गावकीच्या खोल्यांत दाटीने राहिले. गावाकडून निघालेल्या माणसाच्या डोक्यावर निरोपांचं गाठोडं चढे, दहा घरचं. 1948 पासून एसटी आली. ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवलेली पिशवी आणि कंडक्टरच्या कानावर घातलेलं वाक्य, दोन्ही नेमकी पोहोचत. डिंभे धरणात जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते पाण्याखाली, कारभार घोडेगावातून. एका पाणवठ्यावर भेटणाऱ्या बायका वेगवेगळ्या ठिकाणी पांगल्या. त्यांना एकमेकींना निरोप धाडायची पाळी पहिल्यांदाच आली असेल.

आता फोन आहे. म्हैस व्याली तर तिच्या वासराचा फोटो मावशीला त्याच मिनिटाला मिळतो, आणि बोलून पाठवायची सोय असल्याने लिहिता येण्याची अडचणही राहिलेली नाही. मधला माणूस गेला. पण निरोपाच्या जोडीने जाणारा वानवळा फोनमध्ये मावत नाही. वानवळा म्हणजे शेतात नवं काही निघालं की त्यातलं थोडं आपल्या माणसाला: दोन ओंजळी घेवडा, पहिले टोमॅटो, डोंगराकडचा तांदूळ, चिकाची बाटली. विकत मिळणारी वस्तूच, पण विकत घेतलेली नाही. त्यामुळे कुणी जुन्नरला चाललंय का, नारायणगावला कुणाची गाडी जातेय का, ही चौकशी आजही सकाळी पारावर होते.

आणि पिशवी पोहोचली की घेणारीची वेगळीच गडबड. पिशवी रिकामी परत करायची नसते. चार लिंबं घालावीत, की मूठभर शेंगा, की घरात दुसरं काहीच नाही म्हणून साखरेची पुडी, हे एसटी सुटायच्या आत ठरवायचं असतं. कंडक्टर घंटी मारतो.